युद्धकैद्यांवरचे सिनेमे : पडद्यावर पळून सुटणं, घरी वाट पाहणं

उज्जैन : फ्रीगंजातल्या टावर चौकातून निघून स्टेशन गाठलं आणि भोपाळची गाडी धरली, की भोपाळच्या थोडं आधी संत हिरदाराम नगर लागतं. जुनी माणसं अजून बैरागढच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी उघडली होती. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि पुढे त्या जागेचं गाव झालं. युद्धकैद्यांचे सिनेमे म्हटलं की जर्मनी किंवा बर्माचं जंगल डोळ्यांपुढे येतं. पण अशा छावण्या आपल्या वाटेवरही होत्या.

युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार त्याला पत्रव्यवहाराचा हक्क असतो, त्याचं नाव कळवावं लागतं आणि लढाई थांबल्यावर त्याला सोडावं लागतं. पळून जाताना सापडला तरी शिक्षा फक्त शिस्तभंगाची. म्हणूनच ‘पळून जाण्याचा प्रयत्न’ हा ह्या सिनेमांचा ठरलेला विषय झाला.

जुन्यांपैकी दोन नावं सगळ्यांना माहीत आहेत. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (1957) ची गोष्ट बर्मा रेल्वेवर राबणाऱ्या कैद्यांची, पण चित्रीकरण झालं श्रीलंकेत. ‘द ग्रेट एस्केप’ (1963) मध्ये मार्च 1944 चं खरं पलायन आहे. 76 जण भुयारातून निसटले, बहुतेक पकडले गेले आणि 50 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. स्टीव्ह मॅक्वीनची मोटारसायकलवरची उडी मात्र सिनेमावाल्यांची. लोकांच्या लक्षात तीच राहिली, ही गंमतच म्हणायची.

मराठी माणसाचा ह्या विषयाशी संबंध बेळगावपासून सुरू होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र तिथे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत इथे एप्रिल 1916 मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणीही होत्या. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्यांत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. ते पुढे आझाद हिंद सेनेत वरच्या पदावर गेले आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री झाले. आझाद हिंद सेनेच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यावर तिग्मांशू धुलियांचा ‘राग देश’ (2017) आहे. पण त्याचा भर खटल्यावर आहे, कैदेवर नाही.

खरी सिनेमाजोगी गोष्ट आहे ती फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांची. 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. कधी पकडलो गेलो तर पळूनच दाखवीन, असं ते युद्धाच्या आधीपासून सांगत. ऑगस्ट 1972 मध्ये एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ह्यांच्यासह त्यांनी कोठडीच्या भिंतीला भोक पाडलं आणि रात्री बाहेर पडले. पुढे पेशावरमार्गे खैबरकडे निघाले. मार्ग ठरवला होता नकाशावरून, आणि त्यात लंडी खाना हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. गंमत अशी की ते स्टेशन 1932 मध्येच बंद झालेलं! लंडी कोतलला उतरून त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली आणि लोकांना संशय आला. अफगाण सीमा तिथून जेमतेम चार मैलांवर होती. फेथ जॉन्स्टन ह्यांच्या पुस्तकाचं नाव ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ पडलं ते ह्यामुळेच.

तिघं परत कैदेत गेले आणि 1 डिसेंबर 1972 ला इतर कैद्यांबरोबर मायदेशी आले. ह्या पलायनावर तरणजीत सिंग नामधारी ह्यांचा ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ (2019) निघाला. मणिरत्नम ह्यांच्या ‘काट्रु वेळियिडै’ (2017) मधला वैमानिक कारगिलच्या काळातला आहे. पण तोही रावळपिंडीतून पळून अफगाण सीमेकडे जातो. पारुळकरांची हकिगत ज्याला ठाऊक आहे, त्याला ही वाट लगेच ओळखू येते. पारुळकर 2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेले.

आता दुसरं मराठी नाव. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे त्याच युद्धात, शोरकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्यात बेपत्ता झाले. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या एका इंग्रजी दैनिकात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली, त्यात ‘टोंबे’ असं एक होतं. पण सुटलेल्या कैद्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. भारताच्या यादीत असे 54 जण आहेत. पाकिस्तानने आपल्याकडे कोणी नाही असंच कायम सांगितलं.

ह्या बेपत्ता जवानांवर सर्वांत जवळचा सिनेमा म्हणजे अमृत सागर ह्यांचा ‘1971’. त्यात काळ 1977 चा आहे. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी काही भारतीय कैदी पाकिस्तानात लपवून ठेवलेले असतात आणि ते सीमेकडे पळतात. पटकथेत ग्वाल्हेरच्या पियुष मिश्रांचा हात आहे, तर कलाकारांत मनोज वाजपेयींबरोबर होशंगाबादेत वाढलेले मानव कौल आहेत. मार्च 2007 मध्ये थिएटरात तो चालला नाही. पुढे त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि लॉकडाऊनमध्ये लोकांनी तो यूट्यूबवर शोधून पाहिला. मिलन लुथरियांच्या ‘दीवार’ (2004) चा विषय हाच. पण तिथे मुलगाच सीमापार जाऊन बापाला सोडवून आणतो. म्हणजे मसाला जास्त. ज्याला एकच बघायचा असेल त्याने ‘1971’ बघावा.

हा सिनेमा आला त्याच वर्षी, जून 2007 मध्ये, बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहायला गेले होते. दमयंती तांबेही त्यांच्यात होत्या. त्यांच्यापैकी कुणालाच आपला माणूस सापडला नाही.