वतन : एका शब्दाचा इतिहास

दिल्लीस, लखनौस किंवा भोपाळास वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाच्या कानांवर 'वतन' हा शब्द नित्य पडतो. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी असा आहे. परदेशी गेलेल्याला त्याच्या नुसत्या उच्चाराने गहिवर येतो. हाच माणूस आपल्या मूळ गावी आला आणि चावडीवर बसून 'आमचे वतन' असे म्हणाला, तर शेजारचा म्हातारा सहज विचारील, "कसले वतन? पाटीलकीचे, की कुलकर्णाचे?" शब्द एकच, परंतु नर्मदा ओलांडताच देशभक्तीच्या जागी हक्कसंबंध उभा राहतो.

मुळात शब्द अरबी आहे आणि राहण्याची जागा हा त्याचा अर्थ. दख्खनेतील मुसलमानी राजवटींच्या कारभारातून तो मराठीत आला आणि येथे त्याने निराळा संसार थाटला. ज्या वंशपरंपरागत अधिकारामुळे घराणे एका गावाशी पिढ्यानपिढ्या जखडले जाते, त्या अधिकारालाच आपण वतन म्हणू लागलो. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे गावचे वतनदार. देशमुख आणि देशपांडे हे परगण्याचे. आज तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर येथील कितीतरी मराठी घरांत ही नावे आडनावे म्हणून नांदत आहेत.

वतनाची अंगे तीन : काम, मोबदला आणि मान. पाटलाने सारा वसूल करावा, गावाचा बंदोबस्त ठेवावा. कुलकर्ण्याने हिशेब लिहावा. त्याबद्दल इनाम जमीन मिळे, शिवाय तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा असे लहानमोठे हक्क असत. मात्र माणसे हट्टाला पेटत ती बहुधा तिसऱ्या अंगासाठी. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, विडा प्रथम कोणाच्या हाती, यांवरून भाऊबंदकी माजे. अडचणीत सापडलेला पाटील अर्धी पाटीलकी विकी, तेव्हा जमिनीप्रमाणेच हे मानही एकेक करून कागदावर वाटून घेतले जात. तंटा गोतसभेपुढे जाई, आणि पुरावा अपुरा पडला तर वादी उकळत्या तुपात हात घालून दिव्य करण्यासही सिद्ध होई. पोटासाठी माणूस इतके करीत नाही; 'गावात माझे स्थान काय' हा प्रश्न पोटाहून खोल असतो.

राज्यकर्त्यांना या सामर्थ्याची जाणीव होती. शिवाजीमहाराजांनी वतनदारांच्या गढ्या आणि त्यांचा मनमानी वसूल यांना आळा घातला, आणि नवी वतने देण्याचे टाळले. तरीही सरदेशमुखीचा, म्हणजे महसुलाच्या दहाव्या हिश्शाचा, दावा त्यांनी मांडला तो वतनाच्याच परिभाषेत. कारण लोकांना पटणारी हक्काची दुसरी भाषा तेव्हा नव्हती. पुढे राजाराममहाराजांच्या काळात औरंगजेबाशी झुंज चालू असता, सरदारांना आपल्या बाजूस ठेवण्यासाठी वतने आणि इनामे सढळ हाताने द्यावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे लहानसे वाटेकरीच मानले आहे : त्यांना दुखवू नये, आणि मोकळेही सोडू नये.

परंतु या शब्दाची एक बाजू याहून कठोर आहे. महारांनाही वतन होते. बावन्न हक्कांची सनद त्यांना बेदरच्या बादशहाने दिली, अशी परंपरागत समजूत. ऐकताना वाटते, केवढा हा मान! प्रत्यक्षात गावाची राखण, सरकारी निरोप पोहोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मेलेली गुरे ओढणे, अशी वेळकाळ नसलेली कामे आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व दारोदार मागायची बलुत्याची भाकर. इंग्रजी अमलात १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसवली. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला राबवून घेतले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. ते विधेयक संमत झाले नाही. पण मानाच्या नावाखाली वेठ कशी लपते, हे त्यातून उघड झाले. पाटलाचे वतन त्याला गावात उंच बसवी. महाराचे वतन त्याला गाव सोडू देत नसे. दोन्हींना शब्द एकच होता, आणि त्या एका शब्दाने दोहोंमधील अंतर झाकले होते.

स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महारांची व इतर कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने, आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. वतन जमिनींचे खटले मात्र पुढेही चालत राहिले. शब्द कायद्याने मरत नाही.

तो बोलण्यातही उरला आहे. कचेरीत एखादा खुर्ची अडवून बसला तर आपण म्हणतो, "ही काय याच्या बापाची वतनदारी आहे?" 'मिरास' हा त्याचाच सखा; वारसा हा त्याचा अर्थ. "विद्या ही कोणा एकाची मिरासदारी नव्हे," असे आपण सहज बोलून जातो. ज्या शब्दांसाठी आपल्या पूर्वजांनी उकळत्या तुपात हात घातले, त्यांचा वापर आज आपण दोष देण्यासाठी करतो. समाजाचे मन बदलल्याची याहून बोलकी खूण कोणती?

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. दुसऱ्याच्या वतनदारीवर आपण चटकन बोट ठेवतो. लग्नमांडवात आपला मानपान चुकला की मात्र रुसून बसतो. वतनाचा कागद गेला, त्याची सवय अजून आपल्या घरात आहे. उत्तरेकडील आपल्या बांधवांनी त्या शब्दाचा जुना अर्थ जपून ठेवला आहे : जेथे सर्वांनी मिळून राहायचे, ती जागा. त्यात पहिल्या विड्याचा मानकरी कोणी नाही. तोच अर्थ आपणही उसना घ्यावा, हे बरे.