नेर (परसोपंत)

महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याचे मुख्य ठिकाण. यवतमाळच्या वायव्येस सुमारे 30 किमी., तर अमरावतीच्या दक्षिणेस सुमारे 60 किमी. अंतरावर, या दोन जिल्हाठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. ‘नेर परसोपंत’ या नावानेही ते ओळखले जाते. येथे नगर परिषद असून तालुका दिग्रस विधानसभा मतदारसंघात येतो. कापूस, सोयाबीन व तूर ही परिसरातील मुख्य पिके होत.

दळणवळण : नेरला रेल्वेस्थानक नाही. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील गाड्यांसाठी बडनेरा गाठावे लागते. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने समृद्धी महामार्गावर जाता येते. गावाच्या दोन्ही अंगांना एकेक विमानतळ आहे : यवतमाळजवळ भारी येथे आणि अमरावतीजवळ बेलोरा येथे. सरळ रेषेत या दोन धावपट्ट्यांमधील अंतर सुमारे 65 किमी. भरते. ताशी 500 किमी. वेगाच्या एटीआर-72 विमानाला एवढे अंतर कापायला आठ मिनिटे पुरतील. उड्डाण, चढण, उतरण व धावपट्टीवरील हालचाल धरली, तरी वीसेक मिनिटांत काम व्हावे. परंतु या दोन ठिकाणांदरम्यान नियमित विमानसेवा नाही. असती, तरी विमानतळावर तासभर आधी पोहोचण्यात जाणारा वेळ पाहता एस.टी.ने जाणेच सोयीचे ठरले असते. प्रादेशिक विमानसेवेचा उपयोग शेजारच्या जिल्ह्यात जाण्यासाठी नसून दूरची महानगरे जवळ आणण्यासाठी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारी येथील विमानतळ 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील विमानतळांबरोबर राज्य शासनाने रिलायन्स समूहातील कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. तथापि तेथून नियमित प्रवासी वाहतूक रुजली नाही. बेलोरा येथे मात्र धावपट्टी 1,372 मीटरवरून 1,850 मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि 16 एप्रिल 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत विमानतळाचे उद्घाटन होऊन अलायन्स एअरची मुंबई–अमरावती सेवा ‘उडान’ योजनेखाली सुरू झाली. मुंबई–अमरावती हवाई अंतर सुमारे 540 किमी. असून वेळापत्रकातील प्रवासकाल पावणेदोन तासांचा ठेवण्यात आला. तोपर्यंत नेरच्या प्रवाशाला विमानासाठी दीडशे किमी.हून दूरच्या नागपूरचाच मुख्य आधार होता.

नेरहून बेलोरा रस्त्याने सुमारे 50 किमी. आहे. उपचार, शिक्षण वा व्यापारासाठी मुंबईला जाणाऱ्या या तालुक्यातील माणसाचा मोठा वेळ त्यामुळे वाचू शकतो. आठवड्यातील मोजक्या उड्डाणांनी सुरू झालेली ही सेवा रोजची व्हावी, ही या भागाची रास्त गरज आहे. भारीला नियमित सेवा मिळेपर्यंत बेलोरा हेच नेरला सर्वांत जवळचे उपयोगी विमानतळ होय.