पाहायचं की उतरवायचं?

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही महा-ई-सेवा केंद्रासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की संगणकाच्या मराठीचा चालता-बोलता कोश ऐकायला मिळतो. सातबारा ‘काढतात’, झेरॉक्स ‘मारतात’, अर्ज ‘टाकतात’, पीकविमा ‘भरतात’. पीडीएफ मात्र ‘उघडंना’, नाहीतर ‘कुठं गेली ते सापडंना’. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आलेल्या फाईलचं काय करायचं हे ब्राउझरला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो आपल्या मनानं ठरवतो. कधी ती पानातच उघडून दाखवतो, कधी गुपचूप ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, तर कधी दुसऱ्याच ॲपच्या हवाली करतो.

हे बदलता येतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग उघडून ‘जनरल’खालच्या ‘ॲप्लिकेशन्स’ या यादीपर्यंत गेलं, की डावीकडे फाईलचे प्रकार आणि उजवीकडे त्यांचं काय करायचं ते दिसतं: इथंच उघडा, जतन करा, अमुक ॲपमध्ये उघडा, दरवेळी विचारा. क्रोममध्ये ‘साइट सेटिंग्ज’च्या आत पीडीएफसाठी वेगळी ओळ आहे, उघडून दाखवायची की थेट उतरवायची, एवढाच प्रश्न ती विचारते. अँड्रॉइड फोन फाईल उघडताना ‘फक्त एकदा’ की ‘नेहमी’ असं विचारतो. घाईत ‘नेहमी’वर बोट पडलं, की ते ॲप कायमचं चिकटतं, मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन त्याची नेमणूक रद्द करावी लागते.

‘सेटिंग’ या शब्दानं मराठीत वेगळाच संसार थाटला आहे. ‘त्याची वर सेटिंग आहे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. इंग्रजीत जी नुसती मांडणी, ती आपल्याकडे संधान बांधण्यापर्यंत पोचली. ब्राउझरची सेटिंग तेवढी उघड्यावर असते आणि ती ज्याची त्यानंच करायची असते.

आता ‘फाईल’. इंग्रजीत हा शब्द लॅटिन ‘फिलुम’वरून फ्रेंचमार्गे आला. फिलुम म्हणजे धागा. कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्या ओवण्यावरून पुढे ओवलेल्या कागदांनाच ते नाव पडलं. आपल्या सरकारी मराठीनं फाईलसाठी ‘नस्ती’ हा शब्द रुजवला. संस्कृतात ‘नस्त’ म्हणजे नाक आणि ‘नस्तित’ म्हणजे नाक टोचून वेसण घातलेला बैल. हिंदीतलं ‘नत्थी करना’ आणि आपलं ‘नाथणे’ याच कुळातले. लॅटिननं कागदात धागा पाहिला, आपण वेसणीची दोरी. भोक पाडून दोरी ओवायची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच. ‘नस्तीबंद’ झालेलं प्रकरण दाव्याला बांधलेल्या जनावरासारखं जागचं का हलत नाही, तेही यातून उमगतं.

मराठवाड्याची कागदपत्रं ‘नस्ती’च्या आधी वेगळ्या नावांनी नांदत होती. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १८८०च्या दशकात संस्थानच्या दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूनं घेतली. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची सत्ता संपेपर्यंत इथल्या कचेऱ्यांची भाषा तीच राहिली. तिथं खटल्याच्या कागदांच्या जुडग्याला ‘मिसल’ म्हणत. तर्रीवाल्या मिसळीशी तिचं नातं नाही, ती मिसळ ‘मिश्र’ची लेक. ‘दफ्तर’ फारसीतून आलं, पण मूळचं ग्रीक: ‘दिफ्थेरा’ म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेलं कातडं. लिहायचं साधन गेलं आणि लिहिलेलं ठेवायची जागा त्याच नावानं उरली. आज तलाठ्याचंही दफ्तर असतं आणि शाळकरी पोराचंही. ‘बस्ता’ म्हणजे फारसीत बांधलेलं. हिंदीत ते पोराच्या पाठीवर गेलं, आपल्याकडे लग्नाच्या कापडखरेदीत शिरलं. अनेक फायली एकात बांधणाऱ्या झिप फाईलला मराठी नाव हवं असेल तर ‘बस्ता’ आयता हाताशी आहे. १९८९मध्ये फिल कॅट्झ यांनी हा प्रकार आणला. ब्राउझर बस्ता पोचवतो. सोडून पाहायचं काम दुसऱ्या प्रोग्रामचं.

आलेली फाईल कोणत्या प्रकारची आहे हे ब्राउझर ओळखतो कसं? फाईलच्या नावामागच्या टिंबानंतर ‘पीडीएफ’ किंवा ‘जेपीजी’ अशी अक्षरं असतात. ती आडनावासारखी असतात: बरंच काही सुचवतात, पण सिद्ध काहीच करत नाहीत, आणि बदलायला अर्जसुद्धा लागत नाही. म्हणून ब्राउझर आधी पाहतो तो पाठवणाऱ्या सर्व्हरनं सोबत लावलेला शेरा. तो दोन भागांत असतो आणि मध्ये तिरपी रेघ असते. पीडीएफसाठी ‘ॲप्लिकेशन’, रेघ, ‘पीडीएफ’. ही पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२मध्ये मांडली, तीही वेबसाठी नव्हे तर ई-मेलसाठी. साध्या मजकुराशिवाय चित्र, आवाज असं काही पत्रातून पाठवायचं, तर ते काय आहे हे आधी सांगायला हवं, एवढी साधी गरज होती. वेबनं ती पद्धत उचलली. शेरा चुकीचा लागला तर चांगली पीडीएफही अक्षरांचा चिखल होऊन पडद्यावर सांडते. ‘हा नुसता बायटांचा ढीग आहे’ असा मोघम शेरा असेल, तर ब्राउझर ती न दाखवता सरळ उतरवून ठेवतो. अशा वेळी आपली सेटिंग कितीही नीट असली तरी दोष पाठवणाऱ्याचा असतो.

‘टाइप’साठी पुस्तकी मराठीत ‘प्रकार’ आहे. गेवराई-माजलगावच्या कापूसवाल्याला विचारलं तर तो ‘वाण’ म्हणेल. हा वाण संक्रांतीचा नव्हे. संस्कृत ‘वर्ण’ झिजून झालेला हा वाण, आधी रंग आणि मग जात. वाण पाहूनच मशागत ठरते, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. कागदाच्या बाबतीतही या जिल्ह्याला ते ठाऊक आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात वेदान्तातला पंचीकरणाचा विषय लिहिला तो पासोडीवर, सुमारे चाळीस फूट लांब कापडावर. पोथीची पानं उलटायची सवय तिथं चालत नाही. पासोडी पसरावीच लागते. लिहिलेलं कशावर आहे, यावर ते कसं उघडायचं हे ठरतं.

‘डीफॉल्ट’ हा शब्द बीडमध्ये बँकेमुळे आधी पोचला आणि थकबाकी घेऊन आला. तोच शब्द ब्राउझरमध्ये दिसला की माणूस बिचकतो. जुन्या फ्रेंचमधला त्याचा अर्थ उणीव, कसूर. कर्जाच्या बाबतीत फेडीत कसूर. कोर्टात हजर राहण्यात कसूर, म्हणजे मग एकतर्फी निकाल. संगणकात कसूर निवड करण्यातली: तुम्ही काही ठरवलं नाही, म्हणून यंत्रानं तुमच्या गैरहजेरीत ठरवलं. त्यामुळे ‘पूर्वनिर्धारित’ या जडशीळ शब्दापेक्षा ‘एकतर्फी’ हा शब्द मला नेमका वाटतो. असा एकतर्फी निर्णय मधल्यामध्ये बदलूही शकतो. मार्च २०२२च्या ९८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सनं आधी विचारणं सोडलं आणि फाईल सरळ उतरवायला सुरुवात केली. ज्यांना जुनी विचारपूस हवी होती, त्यांना सेटिंगमध्ये जाऊन ‘दरवेळी विचारा’ निवडावं लागलं.

आता मूळ प्रश्न: पाहायचं की उतरवायचं? ‘ब्राउझ’ हे मुळात जनावरांचं काम, झाडाचे कोवळे शेंडे खुडत हिंडणं. आपल्याकडे ब्राउझरला ‘न्याहाळक’ म्हटलं गेलं. संस्कृत ‘निभालयति’, प्राकृत ‘णिहालेइ’, मराठी ‘न्याहाळणे’. शेळी पाल्यापाशी थांबते, न्याहाळणारा नजर रोखतो; मराठी शब्द जरा जास्तच भारदस्त झाला आणि लोकांच्या तोंडी बसला नाही. ‘डाउनलोड’साठी सुचलेलं ‘अधोभारण’ तर जन्मतःच थकलेलं. गंमत अशी की ज्या कागदासाठी गावोगाव डाउनलोड चालू आहे, त्याच्या नावातच शब्द बसलेला होता: सातबारा उतारा.

‘उतरणे’ संस्कृत ‘उत्तरति’चं, अर्थ पाणी ओलांडून पलीकडे जाणं. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची गोदावरी जिथून पायी ओलांडता येते तो उतार, वाहनातून जाणारा तो उतारू. पलीकडे पोचला की माणूस खाली उतरतो, म्हणून खाली येण्याचा अर्थ आला. मग एका वहीतलं दुसऱ्या वहीत नेणं म्हणजे उतरवून घेणं, आणि असं उतरवून घेतलेलं ते उतारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांतून उतरवलेला तो सातबारा उतारा. त्याचा जोडीदार ‘नक्कल’. अरबीत ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं. डाउनलोड याहून वेगळं काय करतं? आणि ‘पाहणी’ही दूर नाही. जुन्या हैदराबाद संस्थानात जमीन-पिकाच्या नोंदीला पाहणीपत्रक म्हणत. तेलंगणात आणि कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्याला आजही ‘पहाणी’ म्हणतात.

पाहणी आणि उतारा यांतला फरक केवळ शब्दांचा नाही. भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो माहितीपुरता. कचेरीत चालत नाही. १ मे २०१८ला सुरू झालेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून उतरवायचा असतो आणि तो चालतो. या दुसऱ्याची सही फाईलच्या आत असते. ब्राउझरच्या खिडकीत पीडीएफ छान दिसते, पण तिथं ती सही सहसा तपासली जात नाही. त्यासाठी फाईल उतरवून सही तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडावी लागते. खिडकीत उघडलेली फाईल ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ केली, की सहीचं चित्र तेवढं राहतं, सही जाते. नक्कल शब्दाला मराठीत सोंगाचा अर्थ का चिकटला, ते इथं पटतं.

सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कागदांमध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दूतले जुने कागद स्कॅन होऊन लोकांसमोर यावेत, असं ठरलं. हे स्कॅन पीडीएफ असले तरी आत कागदाचं छायाचित्र असतं. त्यात ‘कुणबी’ हा शब्द टाइप करून शोधला तर ब्राउझर काहीच शोधून देत नाही, कारण त्याच्या लेखी त्या पानावर अक्षर नाहीच. ‘उघडणे’ आणि ‘उद्घाटन’ हे दोन्ही संस्कृत ‘उद्घाटयति’चे वंशज, पण फीत कापून उद्घाटन होतं तेवढ्यानं पान वाचलं जात नाही. इथं सेटिंगचा इलाज संपतो आणि मोडीवाचकाचं काम सुरू होतं.

सेटिंगच्या त्या यादीत मराठी पर्याय लिहायचे झाले तर तीन पुरतील: ‘पाहा’, ‘उतरवून घ्या’, ‘दरवेळी विचारा’. सहीच्या सातबाऱ्याला दुसरा, जुन्या नोंदी चाळायला पहिला, आणि अनोळखी वाणाच्या फाईलला कायम तिसरा. फोनवर विमा कंपनीच्या नावानं आलेली फाईल ‘एपीके’ निघाली, तर ती पावती नसून फोनमध्ये बसू पाहणारं ॲप असतं. ‘नेहमी’वर बोट ठेवण्याआधी वाण विचारून घ्यायचा तो यासाठी.