घरच्या कार्यशाळेतून निघालेला नांगर

यंत्रयुगाचा इतिहास चाळताना आपली दृष्टी सहसा मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे वळते. परंतु काही यंत्रे घरामागच्या पडवीत, हौशी माणसाच्या हातून जन्मास आली आहेत. मागून दांड्या धरून बागेत वा लहान वाफ्यांत हाकायचा छोटा ट्रॅक्टर हे त्यांपैकीच एक होय. अशी जुनी यंत्रे घरच्या कार्यशाळेत पुन्हा चालती करण्याचा छंद आज देशोदेशी जोपासला जातो. त्याचे मर्म जाणण्यासाठी आपण आधी या यंत्राचे कुळ पाहू.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डनबार येथील बेंजामिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार. बागेतील कष्ट हलके व्हावेत म्हणून त्यांनी हातनांगराला ‘इंडियन’ नावाच्या अमेरिकन मोटरसायकलचे इंजिन जोडले. या एकचाकी नांगराचे पेटंट त्यांना १९१६ साली मिळाले.

तिकडे ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर, त्यांच्याच वाफेच्या इंजिनावर फिरत्या पात्यांचा प्रयोग मांडला. आरंभीची पाती माती बाजूला भिरकावीत. पुढे इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या वाकड्या पात्यांनी तो दोष दूर झाला. १९२२ साली त्यांनी कंपनी स्थापिली आणि १९३८ साली इंग्लंडमध्येही कारखाना काढला. आज खेडोपाडी शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘रोटाव्हेटर’ हा शब्द मुळात हॉवर्ड यांच्या यंत्राचे व्यापारी नाव होय. रोमन लिपीत तो उलट-सुलट कसाही वाचला तरी तोच राहतो!

आपल्याकडची कथाही याहून फार वेगळी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक छायाचित्रकार, एक शेतकरीपुत्र आणि एक सायकल दुकानदार! तिघांनीही आरंभ केला तो हाताशी होते तेवढ्याच साहित्यावर.

मागून हाकायचा ट्रॅक्टर भारतात रुजला तो मात्र जपानच्या वाटेने. ‘पॉवर टिलर’च्या निर्मितीसाठी बंगळूर येथे १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने कंपनी निघाली, तर केरळात अथणी येथे १९७३ साली सरकारी कंपनी स्थापन झाली. कोकणातील भातखाचरांत, जेथे मोठा ट्रॅक्टर वळतही नाही, तेथे हे यंत्र उपयोगी पडते.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. पेट्रोलवर चालणारे असे यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यास तीन व्याधी जडतात. सिलिंडरमध्ये गंज धरून दट्ट्या अडकतो. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकटा होऊन कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. आणि मॅग्नेटोचे संपर्कबिंदू काळवंडून ठिणगी नाहीशी होते. अडकलेल्या दट्ट्यावर हातोडा चालविणे हा अविचार होय. स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग फ्लायव्हील हाताने हळूहळू हलवून पाहावे. गिअरपेटीतले तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, असे समजावे. बिडाच्या भागास तडा गेला असल्यास तो नीट तापविल्याविना जोडू नये. सांधा थंड होताना पुन्हा तडकतो. खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे चित्र काढून ठेवावे. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ते कोरडे घासू नयेत, की त्यांची धूळ फुंकरीने उडवू नये.

या उद्योगात एक जुना वाद आहे. झिजलेले सारे भाग बदलून यंत्र नव्यासारखे चकाकवावे, की वापराच्या खुणा राखून ते केवळ चालते करावे? आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे. दांडीवरचा झिजलेला रंग म्हणजे त्या यंत्रावर कष्टलेल्या हातांची नोंद होय. जो भाग बदलणे अटळ आहे तो अवश्य बदलावा; पण काढलेला भाग फेकू नये आणि कोणता भाग कधी बदलला हे वहीत लिहून ठेवावे. अन्यथा पुढील पिढीच्या हाती यंत्र येईल, पण त्याचा इतिहास येणार नाही.

आणि धोका नेमका हाच आहे. लोखंड भंगारात गेले तर ते वितळून पुन्हा लोखंडच होते. परंतु ते यंत्र कसे खोलावे, त्याचा आवाज बिघडला की कोठे पाहावे, हे जाणणारा माणूस गेला की ते ज्ञान कोणत्याही भट्टीतून परत मिळत नाही. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. आजोबांच्या शेतावरचे इंजिन, आजीचे शिवणयंत्र, वडिलांची सायकल यांपैकी एखादी वस्तू अनेकांच्या घरी अद्याप असेल. ती कपाटाची शोभा करून ठेवण्यापेक्षा मुलांना शेजारी बसवून खोलावी, पुसावी, चालती करावी. ते ज्ञान पुढील पिढीच्या हातांत उतरण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.