पंडित गेले, मग विदर्भ पुन्हा जिंकला कसा?

मंडळी, आजचा विषय क्रिकेटचा असला तरी आम्ही तो इतिहास म्हणूनच मांडणार आहोत. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये विदर्भाने दिल्लीला 9 गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. विदर्भाचा संघ या स्पर्धेत 1957-58 पासून उतरत होता. म्हणजे साठ वर्षांत अंतिम सामना कधी नाही, आणि मिळाला तो पहिलाच जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन्ही वर्षी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्यामुळे गोष्ट अशी सांगितली जाते की मुंबईहून एक कडक मास्तर आला आणि त्याने आमची पोरं सरळ केली. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी वाशिमसारख्या जिल्ह्याला जास्त कामाची, असं आमचं मत.

आधी खरी अर्धी. पंडित हे रमाकांत आचरेकरांचे शिष्य. मुंबईचे आणि भारताचे यष्टिरक्षक. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली, पण 2016-17 च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली, त्यांचं पद गेलं आणि ते नागपूरला आले. शिस्तीच्या बाबतीत ते कोणाचंही ऐकून घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. पण नुसत्या शिस्तीने सामने जिंकता आले असते तर प्रत्येक शाळेच्या पीटीच्या सरांनी करंडक आणला असता! पंडितांनी संघाला दिलं ते वेगळं होतं. विदर्भाचा संघ तोवर 'बाद फेरी गाठली, पुष्कळ झालं' अशा समाधानात असायचा. ते समाधान त्यांनी मोडलं.

याचा पुरावा आम्हाला त्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात दिसतो. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव 185 वर आटोपला, कर्नाटकने 301 केल्या. जुना विदर्भ इथे मनातून हरला असता. या संघाने दुसऱ्या डावात 313 काढल्या आणि कर्नाटकला 198 चं लक्ष्य दिलं. कर्नाटक 192 वर सर्वबाद. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानीने त्या डावात 7 बळी घेतले, सामन्यात 12. हा मुलगा नागपुरात इंजिनिअरिंग शिकलेला. पुढे अंतिम सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. (त्या सामन्यात दिल्लीकडून 145 धावा करणारा ध्रुव शौरी नंतर विदर्भाकडून खेळायला लागला, ही एक गंमत.)

आता दुसरी अर्धी. गुरबानी काय, अंतिम सामन्यात 133 धावा करणारा अक्षय वाडकर काय, यांना पंडितांनी शून्यातून उभं केलं नाही. एका हंगामात फलंदाज घडत नाही. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने 2009 च्या सुमारास नागपुरात निवासी अकादमी सुरू केली होती. पोरं तिथेच राहायची, खायची, सराव करायची. अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल प्रशिक्षकाचं काम साधारण असंच चालतं: मुलगा तीन-चार वर्षं त्याच्या हाताखाली असतो, त्यामुळे या वर्षीचा सामना जिंकायचा की मुलाला पुढच्या वर्षासाठी तयार करायचं, हा पेच त्याला रोज सोडवावा लागतो. आपल्या कॉलेजांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठवडाभर आधी संघ गोळा होतो. तिथे पेच नाही आणि प्रशिक्षणही नाही. अकादमीने ती वर्षं विकत घेतली.

अकादमीच्या आधी काय होतं? उमेश यादव आठवा. खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. टेनिस बॉलवर वेगात टाकायचा. विशीच्या तोंडावर येईपर्यंत लेदर बॉल हातात नव्हता. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याला हेरलं, पाठीशी उभा राहिला, आणि 2008 मध्ये उमेश रणजी खेळला. 2011 मध्ये कसोटी खेळला, विदर्भातून कसोटी खेळणारा पहिला. फार मोठी गोष्ट आहे ही, पण गंधेची नजर पडली म्हणून घडली. ज्यांच्यावर नजर पडली नाही त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. वाशिम 1 जुलै 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं, आणि अकोल्याने विदर्भाला खेळाडू दिलेत. वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीत पदार्पण केलं ते थेट इंदूरच्या अंतिम सामन्यात. एकोणीस वर्षांचा पोरगा, रणजीच्या अंतिम सामन्यात पहिला चेंडू टाकतो, हा निर्णय घ्यायला छाती लागते. ते श्रेय पंडितांचं आणि कर्णधार फैज फजलचं. पण ठाकरे निवडीच्या टेबलावर पोचला तो अकोल्यात कोणीतरी त्याच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली म्हणून. अकोल्याच्याच अथर्व तायडेने त्याच हंगामात 19 वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात 320 धावा केल्या. जितेश शर्मा अमरावतीचा.

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही रणजी जिंकून दिली. विदर्भाला पुढची काही वर्षं करंडक नाही. 'बघा, मास्तर गेला आणि संपलं' असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मार्च 2024 मध्ये मुंबईने अंतिम सामन्यात हरवलं तरी 538 चा पाठलाग करताना या संघाने 368 पर्यंत मजल मारली, वाडकरने शतक केलं. पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात मुंबईला 80 धावांनी पाडलं, आणि 2 मार्च 2025 ला जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक. प्रशिक्षक उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. कर्णधार वाडकर. करुण नायर बाहेरून आलेला, खरं आहे. पण 153 धावा करणारा दानिश मालेवार इथला, आणि हंगामात 69 बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे इथला. केरळकडून 79 धावा करून आपल्याला घाम फोडणारा आदित्य सरवटे? तोही विदर्भातच घडलेला, 2019 च्या अंतिम सामन्यात 11 बळी घेऊन आपल्याला जिंकून देणारा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध अथर्व तायडेने 143 धावा केल्या आणि विदर्भ 93 धावांनी जिंकला. अकोल्याहून वाशिम ऐंशी किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावरच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराला रोज नेटमध्ये चेंडू टाकणारा माणूस कोण, हे आम्ही सभागृहातल्या क्रीडाशिक्षकांना विचारतो आहोत.