सालींचे इंधन: माटुंग्यापासून पुण्यापर्यंत

१/ केळीची साल आपण टाकून देतो. तीच साल बंद टाकीत, हवेचा संपर्क न होता कुजली, तर तिच्यापासून जळणारा वायू मिळतो. आपण त्याला 'गोबर गॅस' म्हणत आलो, आणि या नावामुळे सालींचा विचार फार उशिरा झाला. त्याचीच ही कथा.

२/ १७७६ साली इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. तो वायू पेट घेत होता. तो होता मिथेन, कुजणाऱ्या वनस्पतींतून निर्माण झालेला.

३/ भारतात ही कथा मुंबईत सुरू होते. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करण्याची सोय झाली. अनेक लेखांत १८५९ हे साल आढळते. परंतु हा आश्रमच मुळी १८९० मध्ये, पालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. आश्रमाच्या आधी त्याची टाकी कशी असेल?

४/ स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचा संच विकसित केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. गोवऱ्या जाळल्या की खत जाते. या संचातून इंधन आणि खत दोन्ही मिळू लागले. परंतु ज्याच्या गोठ्यात गुरे नाहीत, त्या भूमिहीनाला आणि शहरवासीयाला त्याचा उपयोग नव्हता.

५/ शेणात वायू घडवणारे सूक्ष्मजीव आयतेच असतात. मात्र चाऱ्यातील बराचसा पोषक अंश गुराने आधीच पचवलेला असतो. फळांच्या सालींचे नेमके उलटे: सूक्ष्मजीव अत्यल्प, पण सहज पचणारी साखर विपुल.

६/ एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या 'आरती' संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी हाच धागा पकडला. पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या, एकीत दुसरी उपडी. खाद्य म्हणून खरकटे, नासकी फळे, पिष्टमय टाकाऊ पदार्थ. शेण लागे ते आरंभी, विरजणापुरते. २००६ मध्ये या संचाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

७/ यात एक अडचण मात्र आहे. साली झपाट्याने आंबतात. आम्ल साचले की मिथेन घडवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन तर त्यांना मारकच. म्हणून साली बारीक करून, थोड्या थोड्या, इतर खरकट्यात मिसळून घालाव्या लागतात.

८/ माटुंग्याच्या टाकीत शेण नव्हते, व्होल्टाच्या बाटलीतल्या वायूलाही ते लागले नव्हते. तरीही शेणाशिवाय हा वायू घरगुती चुलीपर्यंत आणण्याचा विचार रुजायला एवढा काळ गेला. एखादे नाव रूढ झाले, की ते आपल्याला काय पाहू देत नाही, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने तपासावे.