भत्ता आणि उचल

दसरा-दिवाळी उलटली की वडवणी तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकाकडे निघतात. या स्थलांतराकडे आपण बहुधा दुष्काळाची कथा म्हणून पाहतो. आम्हांस मात्र ती हक्कांच्या इतिहासातली एक गाठ वाटते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. तिचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास 15 दिवसांत काम, अन्यथा दिवसाला किमान 1 रुपया बेकारभत्ता, असे वचन त्यात होते. रक्कम क्षुल्लक, पण तत्त्व मोठे : बेकारी हा नशिबाचा नव्हे, शासनाच्या उत्तरदायित्वाचा विषय ठरला. 2005 च्या केंद्रीय कायद्याने हा भत्ता पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथाई आणि पुढे किमान निम्मा केला. पण नोंदणी ग्रामपंचायतीत, हक्क त्या गावच्या कुटुंबाचा. नेमून दिलेल्या कामावर 15 दिवसांत हजर न होणारा तीन महिने भत्त्यास मुकत असे. म्हणजे काम शोधायला वेस ओलांडली की हक्क वेशीतच थांबे.

याच सुमारास युरोपात निराळा विचार रुजत होता. तेथील आर्थिक समुदायाच्या 1971 च्या 1408 क्रमांकाच्या नियमानुसार बेकार माणूस दुसऱ्या सदस्य देशात काम शोधू लागला, तरी त्याचा भत्ता तीन महिने चालू राही. निघण्यापूर्वी साधारणतः चार आठवडे मायदेशी आणि पोचल्यावर सात दिवसांत नव्या देशी नोंद, या त्याच्या अटी. 2010 पासून लागू झालेल्या नव्या नियमाने ही मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढविण्याची मुभा दिली. तो हक्कही मुदतबंद आणि अटींनी जखडलेला. परंतु तो माणसाबरोबर चालतो.

वडवणीच्या मजुराबरोबर काय चालते? उचल. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ही रक्कम नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका ‘कोयत्या’ने, ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. भत्ता आणि उचल, दोन्ही पोटाला आधार देणारे पैसे. पण पहिल्यात समाज माणसाचे देणे लागतो, दुसऱ्यात माणूस मुकादमाचे. आपल्याकडे सीमा ओलांडली ती देण्याने. हक्क मागे राहिला.

हे अटळ नव्हते. 2019 साली महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिकेवरील धान्य परराज्यात मिळण्याची सोय सुरू झाली, तेव्हा गावाशी बांधलेला हक्कही सोडवून बरोबर देता येतो हे दिसले. धान्याला जे जमले ते भत्त्याला का जमू नये? ग्रामीण साहित्य शिकवताना आपण स्थलांतराची व्यथा वाचतो. तिच्यामागचा हा कायद्याचा इतिहासही वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.